‘मावेल तेवढे पीठ’ : कृतिलेखनाची विश्वसनीयता आणि आंतरजाल

प्रास्ताविक :

कथा, कविता, कादंबरी, नाटक या प्रकारांची मराठीत जेवढी समीक्षा झाली, तेवढी ‘अमुक गोष्ट कशी करावी’ हे सांगणाऱ्या लेखनाची झालेली नाही. पाककृती, शिवणकाम, बागकाम, घरगुती दुरुस्ती या विषयांवरील पुस्तके घरोघरी असतात, वापरून जीर्ण होतात. परंतु त्यांना वाङ्मयीन चर्चेत स्थान मिळत नाही. अशा लेखनास प्रस्तुत लेखात ‘कृतिलेखन’ असे म्हटले आहे. या लेखनाचे वैशिष्ट्य असे, की त्याचा खरेखोटेपणा संहितेच्या बाहेर, वाचकाच्या हातून सिद्ध होतो. कादंबरी फसली तर वाचकाचा वेळ वाया जातो. कृती फसली तर धान्य, पैसा, आणि क्वचित प्रसंगी माणूसही जातो. आज हे लेखन मुख्यतः आंतरजालावर शोधले जाते. म्हणूनच त्यावर विश्वास कोणत्या आधारे ठेवावा, हा प्रश्न केवळ ग्रंथालयशास्त्राचा न राहता समीक्षेचाही होतो.

मापे आणि खुणा :

मराठीतील छापील पाकशास्त्राची परंपरा १८७५ च्या ‘सूपशास्त्र’ या पुस्तकापर्यंत मागे नेता येते. या परंपरेत कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चे (१९७०) स्थान वेगळे आहे. वाटी आणि चमचा या घरातल्याच साधनांनी प्रमाण सांगण्याची शिस्त या पुस्तकाने रुजवली. त्यापूर्वी स्वयंपाकघरात चालत आलेली भाषा अंदाजाची होती. ‘मावेल तेवढे पीठ’, ‘चवीपुरते मीठ’, ‘बेताचे पाणी’ हे शब्दप्रयोग नवख्याला निरर्थक वाटतात. परंतु ते निरर्थक नव्हते. सांगणारी आणि ऐकणारी एकाच चुलीपुढे बसलेल्या असत. पीठ किती मावते हे सांगणारीच्या हातांकडे पाहून कळत असे. वाक्यात जे अपुरे होते ते शेजारच्या माणसाने पुरे केले जाई. लग्न होऊन किंवा नोकरीनिमित्त मुलगी दूर शहरात गेली, की हे शेजारपण संपते. ‘रुचिरा’चे यश या तुटलेल्या शेजारपणाशी जोडून पाहिले पाहिजे.

तरीही केवळ माप पुरत नाही. वाटीही घरोघरी वेगळी असते. म्हणून चांगल्या कृतिलेखनात मापाबरोबर खूण येते. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे बोटांच्या चिमटीत कळते. गोळीबंद पाक पाण्यात थेंब टाकून कळतो. ‘पाच मिनिटे उकळावे’ या वाक्यापेक्षा ‘दोनतारी पाक होईपर्यंत उकळावे’ हे वाक्य अधिक विश्वसनीय आहे, कारण पहिले लेखकाच्या शेगडीविषयी बोलते आणि दुसरे वाचकाच्या पातेल्यातील पाकाविषयी. खुणेच्या पलीकडची पायरी म्हणजे अपयशाचे ज्ञान. चकलीत मोहन जास्त झाले तर ती तेलात विरघळते, कमी पडले तर कडक होते. अनारसा तुपात पसरून फुटला तर तो ‘हसला’ असे म्हणतात. बिघाडाला स्वतंत्र क्रियापद देणारी भाषा त्या बिघाडाशी पुष्कळ काळ झगडलेली असते. जे लेखन फक्त यशाचे चित्र दाखवते आणि कोठे काय बिघडेल हे सांगत नाही, त्याच्या लेखकाने ती कृती केली आहे किंवा नाही अशी शंका घेण्यास जागा राहते.

निकषांच्या मर्यादा :

आंतरजालावरील माहिती पारखण्यासाठी विद्यार्थ्यांना निरनिराळ्या कसोट्या शिकविल्या जातात. कॅलिफोर्नियातील चिको येथील राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००४ साली तयार झालेली पाच निकषांची कसोटी त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. माहिती किती ताजी, किती प्रस्तुत, लेखकाचा अधिकार कोणता, अचूकता किती आणि हेतू काय, असे पाच प्रश्न ती विचारते. प्रश्न चुकीचे नाहीत. परंतु कृतिलेखनाला ते यांत्रिकपणे लावले तर विचित्र परिणाम होतो. कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते आणि त्यांचे पुस्तक पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. अधिकार आणि ताजेपणा या दोन्ही रकान्यांत ‘रुचिरा’ला गुण मिळणार नाहीत. (युक्तिवाद थोडा ताणलेला आहे हे मान्य, परंतु अशा तक्त्यांचा वापर प्रत्यक्षात याच पद्धतीने होतो.)

याच्या उलट उदाहरण ‘ईहाऊ’ या संकेतस्थळाचे आहे. १९९९ मध्ये सुरू झालेले हे स्थळ २००६ मध्ये ‘डिमांड मीडिया’ या कंपनीने घेतले. लोक शोधयंत्रात काय विचारतात आणि त्यावर जाहिरातीचे किती उत्पन्न मिळेल याचे गणित मांडून विषय ठरविले जात आणि सुमारे १५ डॉलरला एक याप्रमाणे लेख लिहून घेतले जात. लेखांना लेखकाचे नाव होते, मांडणी नीटनेटकी होती, पायऱ्यांना क्रमांक होते. वरवरच्या कसोटीला ते उतरत. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने अशा लेखनाला शोधनिकालात खाली ढकलण्यासाठी आपली पद्धत बदलली आणि या धंद्याला उतरती कळा लागली. येथे खोटेपणा एखाद्या विधानात नव्हता. लिहिणाऱ्याने ते काम केलेले असण्याची गरजच उरली नव्हती, हा खरा दोष होता.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात उपयुक्त ठरतो. त्यांनी १० इतिहासकार, १० तथ्यपडताळणी करणारे व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांचे आंतरजालावरील वाचन तपासले. विद्वान इतिहासकारही पृष्ठाच्या देखणेपणाला आणि बोधचिन्हाला फसले. व्यावसायिकांनी मात्र समोरचे पृष्ठ लगेच सोडले आणि त्याविषयी इतरत्र काय म्हटले आहे ते पाहिले. संहितेच्या आत खोल शिरणे हा गुण मानणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकांना हा निष्कर्ष थोडा अडचणीचा आहे.

न दिसणारे अपयश :

येथपर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल, की अनुभवी हात हाच कृतिलेखनाचा अंतिम आधार आहे. परंतु हे मत पूर्णपणे टिकत नाही. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात लँकेस्टर येथे एका चर्चच्या सहभोजनात बॉट्युलिझमची विषबाधा झाली. तेथील अन्न खाल्लेल्या ७७ जणांपैकी २९ जणांना बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. कारण होते घरी बरणीबंद केलेल्या बटाट्यांची कोशिंबीर. बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून बंद केल्या होत्या. या जिवाणूचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसला मरत नाहीत. बटाट्यासारख्या आम्लता कमी असलेल्या पदार्थांसाठी दाबाखाली सुमारे ११६ अंशांपर्यंत तापमान न्यावे लागते. बटाटे बरणीतून काढल्यावर पुन्हा तापवलेही नव्हते.

या घटनेतील महत्त्वाची बाब अशी, की हे अपयश चकलीसारखे तेलात दिसत नाही. विष वासाला, चवीला, डोळ्यांना कळेलच असे नाही. शिवाय प्रत्येक बरणी विषारी होत नाही. चुकीच्या पद्धतीने वीस वर्षे बरण्या भरणाऱ्या गृहिणीला वीस वर्षे काहीही झालेले नसू शकते आणि ‘आम्ही नेहमी असेच करतो’ हे तिचे विधान अक्षरशः खरे असते. खरे असूनही ते धोक्याचे असते. अशा ठिकाणी अनुभवाच्या साक्षीला मोल राहत नाही. प्रयोगशाळेत तपासलेली कृतीच ग्राह्य धरावी लागते.

अमेरिकेच्या कृषी विभागाची घरगुती बरणीबंदीची मार्गदर्शिका या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तिची भाषा रुक्ष आहे. ‘रुचिरा’तला घरगुती सूर तिच्यात शोधू नये. समुद्रसपाटीपासून आपण किती उंचीवर राहतो हे ती वाचकाला पाहावयास लावते, कारण उंचीवर पाणी कमी तापमानास उकळते. टोमॅटोच्या प्रत्येक पाइंट बरणीत एक टेबलचमचा लिंबूरस घालावा आणि तो बाटलीबंदच असावा, असेही ती सांगते. ताजे लिंबू सोडून बाटलीतला रस, ही सूचना कोणत्याही चांगल्या स्वयंपाकिणीला अपमानास्पद वाटेल. परंतु बाटलीतील रसाची आम्लता ठरलेली असते, झाडावरच्या लिंबाची नसते. लिंबू येथे चवीसाठी नाही. कारण न देता हीच सूचना उतरवून घेतली, तर तिसऱ्या-चौथ्या हाती जाईपर्यंत कोणीतरी ‘आंबट आवडत नसल्यास लिंबू वगळावे’ असे लिहील. १९८५ मध्ये व्हँकूव्हर येथे तेलातील चिरलेला लसूण शीतकपाटाबाहेर राहिल्यामुळे ३६ जणांना याच रोगाची बाधा झाली होती. लसणाच्या लोणच्यात पुरेसे मीठ आणि लिंबाचा रस घालण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने पाहिली, म्हणजे परंपरेने कारण न सांगता काय जपले आहे ते ध्यानात येते. कृती मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत फिरते तेव्हा नेमके हेच न सांगितलेले कारण गळून पडते.

अनुभवाची साक्ष जेथे उपयोगी आहे तेथेही ती आता क्षीण होत आहे. घरातल्या पाककृतीच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने ‘गूळ कमी घालणे’ अशी नोंद सापडते. दृश्यफितीखालचा नापसंतीचा आकडा थोडेफार तेच काम करीत असे. नोव्हेंबर २०२१ पासून यूट्यूबने तो आकडा प्रेक्षकांपासून झाकला. मे २०२४ मध्ये गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने पिझ्झ्यावरील चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळण्याचा सल्ला दिला. त्याचे मूळ सुमारे अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी केलेल्या थट्टेत होते. मूळ जागी ती थट्टा म्हणून वाचता येत होती. सारांशात आल्यावर तिचा सूर हरवला आणि ती सूचना झाली. गोंदाचा सल्ला हास्यास्पद असल्यामुळे लगेच पकडला गेला.

चमच्याची चूक इतकी सहज पकडली जात नाही. अमेरिकेतील टेबलचमचा सुमारे १५ मिलिलिटरचा आहे आणि ऑस्ट्रेलियातील २० मिलिलिटरचा. मेलबर्नमधील मराठी कुटुंबाने अमेरिकन कृतीचे यांत्रिक मराठी भाषांतर वाचले, तर दोन्ही ठिकाणी ‘एक चमचा’ एवढेच छापलेले दिसते. पुण्यातील वाचकापुढे त्याच शब्दाबरोबर पोह्यांचा चमचा उभा राहतो. ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचा हिशेब एकाच घरातला, एकाच हातचा होता. भाषांतरित पृष्ठावर चमचा कोणत्या देशाचा, हे सांगणारी ओळ बहुधा नसते.