आनंदाचा विरुद्धार्थी शब्द

शाळेतल्या विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत 'सुख × दुःख' अशी जोडी होती, आणि थोडं खाली 'आनंद × दुःख' अशीही. एकाच दुःखाच्या समोर दोन वेगळे शब्द कसे, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो पडला अलीकडे, नोकरीत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ग्राहकांचे मराठी अभिप्राय सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशा तीन खान्यांत टाकणाऱ्या प्रणालीवर काही महिने काम केलं. ही पद्धत रुळलेली आहे. पुण्याच्या एल थ्री क्यूब गटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्वीट असेच तीन खान्यांत लावून 'महासेंट' हा संच खुला केला. अधिक एक, शून्य, उणे एक. आनंद आणि दुःख ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत, हे यात गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं असं की मराठी साहित्यात ही पट्टी फक्त सुखाला लागते, आनंदाला लागत नाही.

सुखाला ती लागते, कारण शब्दाची बांधणीच तशी आहे. 'ख' तोच, आधी 'सु' की 'दुः' एवढाच फरक. एक जुनी व्युत्पत्ती सांगते की 'ख' म्हणजे रथाच्या चाकातलं आसाचं छिद्र. ते नीट असेल तर प्रवास सुखाचा, नसेल तर हादरे. सकाळच्या विरार लोकलने चर्चगेट गाठणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याचं सुख म्हणजे खिडकीची जागा, आणि ती दुसऱ्याला मिळाली की तेच याचं दुःख. अशा वस्तूचा हिशोब मांडता येतो आणि आपल्या कवींनी तो मांडला आहे. तुकोबांनी सुख जवाच्या मापाने मोजलं आणि दुःख पर्वताच्या. 'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटात गदिमांनी धागे मोजले, तेव्हा प्रमाण एकास शंभर आलं. त्या गाण्यात सुखाच्या जागी आनंद घालून पाहा. मात्रांचं सोडा, हिशोबच बिघडतो.

आनंद मोजलाच गेला नाही असं नाही. तैत्तिरीय उपनिषदात तो रीतसर मोजला आहे. धट्टाकट्टा, शिकलेला, सज्जन तरुण, आणि संपत्तीने भरलेली सगळी पृथ्वी त्याची: हा मानवी आनंदाचा एक एकक. पुढच्या प्रत्येक पायरीला शंभरपट करत हे गणित ब्रह्मानंदापर्यंत जातं. इंजिनिअर म्हणून मला त्यातली एक गोष्ट खटकली आणि मग आवडली. ही मोजपट्टी एकापासून सुरू होते आणि वरच जाते. तिच्यावर उणे आकडे नाहीत. शंभराचा गुणक गदिमांच्या गाण्यातही आहे, पण तिथे तो दुःखाच्या बाजूला आहे. इथे दुसरी बाजूच नाही. तुकोबांच्या ज्या अभंगात आनंदाचा डोह आहे, तिथेही लाट त्याच पाण्याची आहे, काठावर दुःख उभं नाही.

बोलीभाषाही हेच सांगते. 'निरानंद' शब्दकोशात आहे, पण तो कोणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही. आनंदावर विरजण पडतं, म्हणजे दूध बदलतं, त्याचं उलट काही होत नाही. आणि पहिल्या पावसात रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या की आपण म्हणतो, 'सगळा आनंदीआनंद आहे.' उलटा शब्द हाताशी नाही म्हणून तोच शब्द आपण तिरकसपणे वापरतो. हर्ष आणि खेद ही जोडी मात्र नीट जमते, पण हर्ष आता निमंत्रणपत्रिकेपुरता उरलाय आणि खेद स्टेशनावरच्या हिंदी घोषणेपुरता.

हा सगळा शब्दांचा खेळ वाटेल. मलाही वाटला असता. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या दिवाळीला आमच्या घरी फराळ केला नाही, रीतीप्रमाणे शेजारपाजारहून आला. एका संध्याकाळी आई कशावरून तरी खळखळून हसली आणि मध्येच थांबली. मावशी म्हणाली, "हस गं, त्यात काय?" आई म्हणाली, "ताई, हसू आलं की वाटतं, माझं दुःख कमी झालं का?"

आई तीच पट्टी वापरत होती. एक बाजू वर गेली तर दुसरी खाली आलीच पाहिजे. तिला ती शाळेतल्या यादीने दिली, गाण्यांनी दिली, आणि 'अजून वर्षही झालं नाही' म्हणणाऱ्या लोकांनी दिली. सुखासाठी ती बरोबर आहे. बाबा गेल्याने आमचं सुख खरंच कमी झालं, ते मोजून दाखवता येईल. पण त्या संध्याकाळचं हसू त्या हिशोबातलं नव्हतं.

त्याच वर्षी नंदाखालच्या एका मित्राच्या आजीच्या अंत्यविधीला गेलो होतो. मराठी मिस्सा होती. वाचन डोंगरावरच्या प्रवचनाचं होतं, शोक करणाऱ्यांना धन्य म्हणणारं. एका इंग्रजी भाषांतरात तिथे 'हॅपी' शब्द आहे आणि तो कानाला विचित्र लागतो. मराठीत 'सुखी' घातलं असतं तर तेवढंच विचित्र झालं असतं. 'धन्य' या शब्दाला शोकाशेजारी बसता येतं, त्याला न हटवता. वसईच्या मराठीत हे वाक्य पिढ्यानपिढ्या ऐकलं जातंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तरी आपली समीक्षा बायबलकडे मराठी वाङ्मय म्हणून क्वचितच पाहते. पाहिलं असतं, तर यादीतली ती दुसरी जोडी कधीच संशयास्पद वाटली असती.

गेल्या दिवाळीला मी ऑफिसात असताना आईचा मेसेज आला. 'शेव केली. चांगली झालीये. तुझ्या बाबांना अशीच लागायची.' सवयीने मी ती तीन वाक्यं आमच्या प्रणालीत टाकली. उत्तर आलं: तटस्थ.