आधार शास्त्राचा, सोय मालकाची

फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मचरित्र १८४५ साली बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले. मेरीलँड प्रांतात गुलाम म्हणून जन्मलेल्या, चोरून वाचावयास शिकलेल्या आणि १८३८ साली पळून जाऊन मोकळ्या झालेल्या माणसाचे हे लहानसे पुस्तक आहे. अमेरिकेतील गुलामगिरीवर ग्रंथ पुष्कळ झाले. परंतु अन्याय हा धर्माच्या आश्रयास कसा जातो, हे समजून घ्यावयाचे असेल तर याहून चांगला साक्षीदार आम्हांस आढळला नाही.

डग्लस यांचा मालक टॉमस ऑल्ड हा ऑगस्ट १८३२ मध्ये मेथडिस्टांच्या एका धर्ममेळाव्यास गेला आणि तेथे त्याचे मनःपरिवर्तन झाले. आता हा आपणांस मुक्त करील, निदान दयेने वागवील, अशी डग्लस यांना आशा वाटली. घडले ते उलटेच. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाल्या, उपदेशकांचा राबता वाढला. आणि त्याच घरात एका पंगू तरुणीला बांधून तिच्या उघड्या पाठीवर चाबूक ओढताना मालक बायबलातील वचन म्हणू लागला. पूर्वी तो केवळ स्वतःच्या क्रूरपणाच्या बळावर मारीत असे. आता त्याच्या पाठीशी शास्त्र उभे राहिले.

हे एका दुष्ट माणसाचे चरित्र असते तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आम्ही कायद्याच्या व्यवसायातले. आमचे लक्ष साहजिकच जुन्या कायद्यांकडे जाते. व्हर्जिनियाच्या वसाहतीत १६५६ साली एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने न्यायालयात आपले स्वातंत्र्य मिळविले. आपला पिता इंग्रज होता व आपला बाप्तिस्मा झालेला आहे, हे तिच्या बाजूचे मुद्दे होते. म्हणजे ख्रिस्ती झालेल्या माणसास गुलाम ठेवता येते काय, हा प्रश्न तेव्हा मोकळाच होता. पुढे १६६२ साली अपत्याची स्थिती मातेप्रमाणे राहील असे विधिमंडळाने ठरविले आणि १६६७ साली बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती पालटत नाही असा कायदा केला. दोन्ही दारे अशी बंद झाली. दुसऱ्या कायद्यास कारण काय दिले? तर ही शंका फिटली म्हणजे मालक अधिक आस्थेने गुलामांत धर्मप्रसार करतील! आत्म्याच्या उद्धाराचा मार्ग खुला राहावा म्हणून देहाच्या सुटकेचा मार्ग बंद करण्यात आला.

स्वार्थाचा निकाल आधी लागला की वचने शोधणे अवघड नसते. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाने शाप दिला तो हामच्या पुत्रास, कनानास. त्या कथेत कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही. तरीही तिच्या आधारे साऱ्या आफ्रिकी लोकांच्या माथी पिढीजात दास्य मारण्यात आले. पौलाने अनेसिमास त्याच्या धन्याकडे परत पाठविले, हे मोठ्याने वाचले गेले. त्याला दास म्हणून नव्हे तर बंधू म्हणून जवळ कर, ही त्याच पत्रातील विनंती मात्र हळू आवाजात. धन्याकडून पळून आलेला दास परत देऊ नये, अशी अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे. तथापि १८५० साली त्या राष्ट्राने पळालेले गुलाम पकडून परत देण्याचा कायदा केला.

सर्वांत बोलका पुरावा मात्र निराळाच आहे. नॉर्थ कॅरोलायनाने १८३० साली गुलामांस लिहा-वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला. ग्रंथ जर खरोखरच मालकाच्या बाजूचा होता, तर तो गुलामाच्या हाती पडू नये म्हणून एवढी धडपड कशासाठी? डग्लस रविवारी काही गुलामांस बायबल वाचावयास शिकवीत, तेव्हा मेथडिस्ट मंडळीतील पुढारी काठ्या घेऊन चालून आले आणि त्यांनी तो वर्ग मोडून काढला.

पुस्तकाच्या शेवटी डग्लस यांनी एक पुरवणी जोडली आहे. आपली टीका गुलाम बाळगणाऱ्यांच्या धर्मावर आहे, ख्रिस्ताच्या धर्मावर नव्हे, असा तिचा आशय. येथे आमचा नम्र मतभेद आहे. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, असे वचन इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आहेच. दक्षिणेतील उपदेशकांनी ते पदरचे घातले नव्हते. ‘तो खरा धर्मच नव्हे’ असे म्हटले की श्रद्धावंताची सुटका फार स्वस्तात होते. आमच्या मते कसोटी निराळी असावी. क्वेकरांनी १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली. त्यांच्याही हाती तेच बायबल होते. भेद इतकाच की त्यांनी लावलेल्या अर्थाची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागली, आणि ऑल्डने लावलेल्या अर्थाची किंमत त्या पंगू तरुणीने मोजली. १८४४ साली मेथडिस्ट व १८४५ साली बाप्टिस्ट याच प्रश्नावरून उत्तर-दक्षिण दुभंगले. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. दक्षिणेकडील बाप्टिस्टांच्या महासंघाने आपल्या पूर्वजांच्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली ती १९९५ साली.

हे वाचताना शेजाऱ्याच्या धर्माकडे बोट दाखविण्याचा मोह आमच्या वाचकांस होईल. तो आवरावा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला, तो त्यांना दूर देशातील नवलकथा सांगावयाची होती म्हणून नव्हे. पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. विठ्ठलाच्या दारी त्यांना अडविणाऱ्यांपाशीही परंपरेचे आधार होतेच, आणि त्या आधारांची किंमत दाराबाहेर उभा असलेला माणूस मोजीत होता. देवळाच्या सभेत यापुढे कोणी शास्त्राचा दाखला देईल तेव्हा वचन बरोबर आहे की नाही हे अवश्य पाहावे. परंतु त्याचा भार कोणाच्या पाठीवर पडणार आहे, हे त्याआधी पाहावे.