पाहण्याचा हक्क, लपण्याचा हक्क : 'फँड्री'चे छायाचित्रण

मानवी हक्कांच्या संदर्भात बालपण चित्रित करणाऱ्या कलाकृतीपुढे एक मूलभूत पेच असतो. वंचित बालक दाखविल्यावाचून अन्याय दृश्यमान होत नाही; परंतु दाखविण्याच्या ओघातच ते केवळ करुणेचा विषय होऊन बसते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाचे मोल या पेचाला छायाचित्रणातून मिळालेल्या उत्तरात शोधावे लागते.

श्रीगोंद्याला लागून असलेल्या नगर तालुक्यातील अकोळनेर हे या कथानकाचे स्थळ. कैकाडी कुटुंबातील जब्या हा शाळकरी मुलगा शालू या सवर्ण मुलीवर मनोमन प्रेम करतो आणि काळ्या चिमणीमागे रानोमाळ भटकतो. विक्रम अमलाडी यांचा कॅमेरा येथे जब्याच्या नजरेशी नाते जोडतो. जब्या पाहणारा आहे. त्याचे बालपण म्हणजे पाहण्याचा आणि स्वप्न रचण्याचा अवकाश होय.

डुक्कर पकडण्याच्या दीर्घ प्रसंगात हे नाते उलटते. गावकरी प्रेक्षक होतात, कुटुंबाचा तमाशा होतो आणि जब्या आडोसा शोधतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने, जिला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, मुलाचा खासगीपणा व प्रतिष्ठा हे हक्क मानले आहेत. जब्याचे लपणे म्हणजे या हक्काची देहाने केलेली मागणीच होय. शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच हेच कुटुंब निश्चल उभे राहते, तेव्हा कर्तव्य पाळणाऱ्यांच्या हक्कांचा प्रश्न संवादावाचून उभा राहतो.

येथे एक आक्षेप संभवतो. कॅमेराही त्या गावकऱ्यांच्याच रांगेत उभा नाही काय? जब्या जेथे लपतो तेथेही तो पोहोचतोच. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि चित्रपटही तो खोडून काढीत नाही. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट भिंगाच्या दिशेने येतो. पाहणारी प्रत्येक नजर, निर्मात्याचीही, त्या दगडाच्या टप्प्यात येते.

या शेवटाने प्रेक्षकाचे विरेचन होते असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला; त्याच वर्षी २८ एप्रिलला याच जिल्ह्यातील खर्डा येथे, सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून, एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. कलाकृती बालकाचे रक्षण करू शकत नाही. ती एवढेच करू शकते, की पाहणाऱ्याला तटस्थतेची जागा शिल्लक ठेवीत नाही. 'फँड्री'चे छायाचित्रण ही जागा नाकारते, यातच त्याची नैतिकता आहे.