मसी आणि कार्यात्मक शाई : ‘लेखनक्रियानिरूपणा’च्या अनुरोधाने

महाड-पोलादपूरचा परिसर ग्रंथलेखनाशी दुहेरी नात्याने बांधलेला आहे. पोलादपुरास ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे; आणि महाड तालुक्यातील शिवथरघळीत ‘दासबोधा’चे लेखन झाले, अशी समर्थ संप्रदायाची परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या १९ व्या दशकातील पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हा होय. सामान्यतः तो सुवाच्य अक्षराचा उपदेश म्हणून वाचला जातो. तथापि त्यात साधनद्रव्यांचा जो विचार आहे, तो आजच्या परिभाषेच्या एका प्रश्नावर प्रकाश टाकणारा आहे.

बरू, टाकतोडणी, शिशाने आखलेले पान, ओळींतील अंतर, भोवती सोडलेली जागा, हिंगूळ, आळिते, भिजवून वाळवून ठेवावयाची मसी, असा या समासाचा विस्तार आहे. वरवर ही यादी वाटते. परंतु तिच्यामागील दृष्टी निश्चित आहे : अक्षर केवळ मसीने सिद्ध होत नाही, लेखणी, कागद व मसी यांचा मेळ बसला तरच ते टिकते.

इंकजेट यंत्राने चांदी वा ग्राफीन मुद्रित करताना हीच दृष्टी कसाला लागते. तेथे शाईने वाचनीय काही उमटवावयाचे नसते. वीज वाहून न्यावयाची असते. तोटीचे छिद्र बहुधा २० ते ५० मायक्रोमीटरांचे. म्हणून शाईची विष्यंदिता, म्हणजे प्रवाहास होणारा तिचा अंतर्गत विरोध, साधारणतः १ ते २० मिलिपास्कल-सेकंद ठेवतात. कण छिद्राच्या पन्नासाव्या भागाहून लहान घेतात. थेंब वाळताना कण कडेकडे वाहत जाऊन कॉफीच्या डागासारखे वलय उरू नये, म्हणून भिन्न वेगाने उडणारी द्रावके मिसळतात.

काजळाच्या जुन्या शाईत डिंक दोन कामे करी : कणांना गोळा होऊ देत नसे आणि वाळल्यावर त्यांना कागदाशी बांधी. चांदीच्या शाईत कणांभोवतीचे सेंद्रिय वेष्टन पहिले काम करते. पण वाळल्यावर तेच विजेच्या वाटेत आडवे येते. म्हणून मुद्रणानंतर उष्णतेने ते घालवून कण सांधावे लागतात. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. तिचे नॅनोमीटर-मापाचे कण मात्र त्याहून पुष्कळच कमी तापमानास सांधले जातात. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर असे मुद्रण शक्य होते, ते यामुळेच.

अशा द्रवास ‘शाई’ म्हणावे काय? ‘मसी’ शब्द काजळी सुचवितो. ‘शाई’चे मूळ फारसी ‘सियाही’, म्हणजे काळेपणाच. दोन्ही नावे रंगावरून पडली. परंतु ‘लाल शाई’ हा प्रयोग मराठीत निःशंकपणे रूढ झाला, तेव्हाच रंगाचा अर्थ गळून कार्याचा उरला. ‘वाहक द्रव’ म्हटल्यास पृष्ठावर नेमका आकार उमटविण्याचा अर्थ हरवतो. ‘कार्यकारी’ हे विशेषण अभियंत्यांच्या व मंडळांच्या पदनामांत गुंतले आहे, तर ‘कार्यक्षम’ हे गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र होते. ‘कार्यात्मक शाई’ हीच संज्ञा त्यांतल्या त्यात निर्दोष ठरते.

समासाची मर्यादाही स्पष्ट आहे. तो मसीचा संग्रह सांगतो, घटकांची प्रमाणे सांगत नाही; ती हाताच्या सरावावर सोडतो. आजचे शास्त्र प्रमाणे देते. पण ती प्रमाणे मराठीतून शिकविताना जुन्या शब्दांना त्यांच्या व्युत्पत्तीत कोंडून ठेवले, तर विद्यार्थ्याच्या हाती केवळ परकी संज्ञांची यादी राहील. शब्द द्रव्याच्या कार्याबरोबर चालू देणे, हाच त्यावर उपाय होय.