सुंदर छायाचित्र आणि खरे छायाचित्र

शाळेच्या भिंतीवर, पाठ्यपुस्तकात, दिनदर्शिकेवर वन्य पशुपक्ष्यांची छायाचित्रे सर्रास दिसतात. ‘किती सुंदर!’ म्हणून आपण पुढे जातो. कथेची किंवा नाटकाची चिकित्सा होते, तशी या चित्रांची फारशी होत नाही. ती व्हावी असे आम्हाला वाटते. कारण वर्गात आल्यावर चित्र पुराव्याचे काम करते. प्राणी कसा जगतो, हे मुले त्यावरून ठरवतात.

एक गाजलेले उदाहरण घेऊ. लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम दरवर्षी भरवीत असलेल्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली लांडग्याच्या एका चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. रात्रीची वेळ, लाकडी फाटक आणि त्यावरून झेप घेणारा लांडगा. प्रकाश अचूक, मांडणी नेटकी. लहानपणीच्या गोष्टीतला लांडगाच जणू समोर आला. पण जाणकारांनी दोन शंका काढल्या. फाटकाच्या फटींतून जाता येत असताना रानटी लांडगा उडी कशाला मारील? आणि त्याच्या अंगावरील खुणा माद्रिदजवळच्या प्राणी-उद्यानातील एका माणसाळलेल्या लांडग्याशी कशा जुळतात? छायाचित्रकाराने आरोप नाकारला. तथापि चौकशीनंतर जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. यातील पहिली शंका लांडग्याचा स्वभाव ठाऊक असणाऱ्यालाच सुचू शकते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खुणा जुळवून पाहण्याची हीच रीत वाघांच्या अभ्यासात फार उपयोगी पडली आहे. डॉ. उल्लास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात वाघांच्या वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशींवरचेही नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा हवा. कोणता वाघ पुन्हा आला आणि कोणता नवा, हे मोजून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. अशा चित्रांत कधी वाघाचे शेपूट चौकटीबाहेर राहते, कधी तोंडच दिसत नाही. दिनदर्शिकेवर ती कोणी छापणार नाही. पण प्रत्येकाबरोबर ठिकाण, तारीख आणि वेळ नोंदलेली असते. आमच्या मते त्यांचे मोल लांडग्याच्या त्या झेपेपेक्षा जास्त आहे.

प्राणी रानातलाच असला तरी चित्र फसवे असू शकते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पंखांतला गुलाबी-लाल रंग उडताना खुलतो, म्हणून उडत्या थव्याचे चित्र सर्वांना हवे असते. त्यासाठी होडी फार जवळ नेली की पक्षी उडतात. चित्रात भरारी दिसते. प्रत्यक्षात ती पळापळ असते. खाणे थांबते आणि शक्ती वाया जाते. वास्तविक या पक्ष्याचे नवल त्याच्या खाण्यातच आहे. मान खाली घालून तो चोच पाण्यात उलटी धरतो, जिभेने पंपासारखे पाणी आतबाहेर करतो आणि चोचीच्या कडांवरील गाळणीत बारीक जीव अडकवतो. हे टिपायला होडी दूर थांबवावी लागते आणि धीर धरावा लागतो. घरट्याचेही तसेच. आडवी येणारी फांदी दूर केली की चित्र स्वच्छ येते, पण पिले कावळ्यालाही दिसू लागतात.

म्हणून कोणतेही चित्र वर्गात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ते कोठे व केव्हा काढले? त्या क्षणी प्राणी काय करीत होता? छायाचित्रकारामुळे त्याचे वागणे बदलले का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्राखाली छापलेले नसेल, तर ती उणीव मुलांच्या नजरेस आणून द्यावी.

आणि एखाद्या विद्यार्थ्याने वर्गाच्या खिडकीतून, जवळ न जाता, साळुंकीच्या एकाच घरट्याची दर आठवड्याला तारखेसह चित्रे काढली असतील, तर ती थोडी अस्पष्ट असली तरी फलकावर वाघाच्या शेजारी लावावीत. काडी आणण्यापासून पिले उडून जाईपर्यंतची हकीकत त्यांत आहे, आणि ती कोणालाही तपासून पाहता येते.