इसेचं नवं-जुनं देऊळ

जपानहून आल्यावर ओळखीच्या बायका विचारतात, "सगळ्यात जुनं काय पाहिलंत?" मी सांगते, इसेचं शिंतो देऊळ. आणि लगेच सांगते, की ते २०१३ साली बांधलंय!

सूर्यदेवता अमातेरासूचं हे ठाण. इ.स. ६९० पासून चालत आलेली रीत अशी, की दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब तसंच लाकडी देऊळ उभारायचं, देवतेला तिथे न्यायचं आणि जुनं उतरवायचं. २०१३ ची खेप बासष्टावी. पुढची २०३३ ला.

पाहायला म्हणाल तर फार थोडं. इसुझू नदीवरचा उजी पूल ओलांडायचा, हात-तोंड धुवायचं, उंच झाडांखालून चालायचं. शेवटी दगडी पायऱ्या आणि दाराला पांढरा पडदा. कुंपणावरून छप्पर तेवढं दिसतं. मूर्तीच्या दर्शनाची सवय असलेल्या मला आधी रागच आला.

पण हे देऊळ लाकडात नाहीच, ते हातांत आहे. वीस वर्षांपूर्वी शिकणारा सुतार पुढच्या खेपेला शिकवणारा होतो. देवतेची वस्त्रं, तलवारी, आरसे धरून ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तूही नव्याने घडवतात. म्हणजे विणणारे हातही टिकतात. जुने मुख्य खांब पुलाच्या दोन्ही तोंडांशी कमानी म्हणून पुन्हा उभे राहतात.

याला 'अखंड परंपरा' म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या लढायांच्या काळात हे काम शंभराहून अधिक वर्षं बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून पैसा गोळा केला तो बौद्ध भिक्षुणींनी, दुसऱ्या धर्माच्या बायकांनी! माझ्या मते इसेची खरी गोष्ट हीच, आणि तीच कमी सांगितली जाते.

तिथलं सगळंच मला मानवलं असं नाही. नैवेद्यात मासे असतात. माझं जैन मन तिथे थबकलंच. पण आपल्या बस्त्यांचा जीर्णोद्धार आठवला की मान खाली जाते. जुना कोरीव दगड काढून आपण गुळगुळीत फरशी बसवतो आणि दात्यांच्या नावांची पाटी लावतो. तो दगड घडवायला मात्र कुणी शिकत नाही.

इसेत जुनं उतरवतात, पण ते पुन्हा बांधायला शिकून. आपण कशाच्या भरवशावर पाडतो?