मांडवाची सूत्रधारीण

नेऱ्याच्या किंवा कर्नाळ्याच्या बाजूच्या एखाद्या फार्महाऊसवर लग्न असलं की नियोजक मुलीच्या हातात एक तक्ता असतो. पाच वाजता नवरीची एन्ट्री, सव्वापाचला अंतरपाट, उजेड आहे तोवर ड्रोन. फोटोत मागे प्रबळगड यायला हवा, म्हणून स्टेजही तसंच फिरवलेलं. मुंबई-पुण्याची मंडळी पाहुण्यांना लक्षात राहावं म्हणून लग्न पनवेलला आणतात, आणि खर्चात काही हात आखडत नाहीत. तरी महिन्याभराने विचारा, पाहुण्यांना पनीरच्या स्टॉलपलीकडे फारसं आठवत नाही.

त्याच रस्त्याला लागून असलेल्या आगरी गावात हळद लागत असते. तिथे तक्ता कुणाच्या हातात नसतो. तो धवलारणीच्या गळ्यात असतो.

पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी-कोळी लग्नांत धवला गाणारी ही बाई. तिला गायिका म्हणणं अपुरं आहे. मेढ केव्हा रोवायची, उंबराची डहाळी कुणी आणायची, हळद आधी कुणी लावायची, हे ती सांगते. आणि सांगते ते गाऊनच. भटजी असले तर मुहूर्तापुरते, नसले तरी कुणाचं अडत नाही. पौरोहित्य, नियोजन आणि काव्य अशी तीन कामं एकाच लुगड्यात वावरताना मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

धवल्याची रचना नीट ऐकली की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की गाणं आणि कृती यांच्यात अंतरच नाही. मांडवात जे चाललं आहे तेच शब्दांत चाललेलं असतं. घाणा भरताना मुसळ उचललं जातं आणि गाण्यातही उचललं जातं. तेल, तांदूळ, कलश, हळद, जे हातात येईल ते आधी नावाने पुकारलं जातं, मग वापरलं जातं. त्यामुळे डोंबिवलीहून प्रथमच आलेल्या पाहुण्यालाही विधी कळतो. त्यासाठी माइक घेऊन ‘आता आपण पाहणार आहोत’ म्हणणारा निवेदक लागत नाही. (हा निवेदक आजच्या लग्नांतला सर्वांत त्रासदायक प्राणी आहे, हे माझं खासगी मत.)

माझं आवडतं रसस्थान आमंत्रणाचं. धवलारीण देवांना मांडवात बोलावते, पण तिच्या आवाजात स्तोत्राची भीडभाड नसते. देव जणू लांबचे पण मानाचे सोयरे आहेत. कार्ल्याच्या डोंगरावरून एकवीरा आई यायची आहे, गावदेवी तर शेजारचीच. त्याच चालीत, त्याच सुरात मग मामा येतो, आत्या येते, करवली येते. सूर न बदलता देवांवरून माणसांवर येणं, यात फार मोठी कारागिरी आहे. आपलं नातं त्या ओळीत आलं की कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली आत्या पदर सावरून उठते. ती आता पाहुणी उरत नाही, तिला काम लागलेलं असतं. लग्न लक्षात राहतं ते इथे. दाखवलेलं माणूस विसरतो. करायला लावलेलं सहसा विसरत नाही.

चाल अगदी मोजक्या स्वरांची. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती झेलून पुरी करायची, पहिलीला तेवढ्यात श्वास मिळतो. वाद्य नाही. कानाला सवय नसेल तर पहिला काही वेळ हे एकसुरी वाटतं, आणि ते आहेच एकसुरी. पण विधी लांबला तर ओळ फिरवून घेता येते, आवरला तर पुढच्या ओळीवर जाता येतं; मामा वाटेत कळंबोलीच्या सर्कलला अडकला तरी गाणं थांबत नाही. नियोजक मुलीच्या तक्त्यात एवढी सवड कुठे?

या गाण्याची नाळ मराठी कवितेच्या अगदी आरंभाशी जुळते. तेराव्या शतकात रिद्धपूरला महानुभाव संत गोविंदप्रभूंच्या लग्नाचा घाट घातला गेला, तेव्हा महदंबेने धवळे गायले, ते रुक्मिणीच्या लग्नाचे. नवरा द्वारकेचा, नवरी विदर्भातल्या कौंडिण्यपुराची, आणि नवरीला थेट रथात घालून नेलेलं. दूरगावच्या लग्नाचं इतकं गाजलेलं उदाहरण कुठल्या नियोजकाला जमलेलं नाही. आद्य मराठी कवयित्रीचं काव्य लग्नाच्या मांडवातलं असावं, याचं नवल पनवेलच्या धवलारणीला वाटणार नाही.

याच पट्ट्यातून नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, वरचे ओवळे, कोंबडभुजे, वाघिवली अशी दहा गावं उठली. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि आता तर पाहुणे थेट पनवेलच्या दारात उतरतील. उठलेल्या गावांची घरं वडघर, वहाळच्या भूखंडांवर नव्याने उभी राहिली. तिथल्या मांडवात गावदेवीला हाक घालताना ती जुन्या वेशीवरून यायची की नव्या, हा प्रश्न मला ऐकताना नेहमी पडतो. गाण्याला तो पडत नाही. नाव घेतलं की देवी आली.

अडचणी आहेत. हळदीच्या रात्री डीजेच्या भिंती उभ्या राहतात, धवलारणीचा आवाज त्यात बुडतो. तिच्या सुना-नातींपैकी किती जणींना सगळे धवले येतात, ते त्या रात्री पाहून कळतंच. पण ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. धवल्याला हा नियम लागूच होत नाही, कारण त्याला वीजच लागत नाही.

म्हणून फार्महाऊसवर लग्न लावणाऱ्यांना, विशेषतः ज्यांचं मूळ घर याच पट्ट्यातलं आहे त्यांना, माझं सांगणं आहे. धवलारणीला जरूर बोलवा, पण तिला स्टेजवर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम देऊ नका. तिला हळदीच्या पाटाशेजारी बसवा, बिदागी नियोजकाइतकीच द्या, आणि तेवढा वेळ तक्ता मिटून ठेवायला त्या मुलीला सांगा.